फॉक्स टेरिअरचं रक्त

३ मार्च
फॉक्स टेरिअर घरी आणला. पांढराशुभ्र, एक कान तपकिरी. कोल्ह्याला बिळात शिरून हुडकणारी जात. अशा कुत्र्याला मालकही तसाच खमक्या लागतो. म्हणजे मी. बायको म्हणाली, बघू.

५ मार्च
खमक्याने (कुत्र्याचं नाव मी हेच ठेवलंय) घरमालकीणबाईंच्या गुलाबाच्या वाफ्यात खड्डा खणला. बाईंनी बजावलं, बागेत आणखी एक खड्डा दिसला तर खणणारा या घरात राहणार नाही. बायकोचे डोळे भरले. दोन दिवसांत तिने त्याला 'सोन्या' करून टाकलंय. पण माझ्याकडे प्लॅन आहे.

६ मार्च, सकाळी
रक्तातली खाज दाबायची नसते, भागवायची असते. बागेच्या कोपऱ्यात, झुडपांमागे, त्याला हक्काचं बीळ खणून द्यायचं. मग वाफ्याकडे तो ढुंकूनही बघणार नाही.

संध्याकाळी
कंबर धरली. बीळ निम्मं झालं. कुत्रा सावलीत झोपून होता. शक्ती साठवत असावा.

९ मार्च
बीळ तयार. कोल्हा म्हणून आत माझी जुनी केसाळ टोपी ठेवली. कुत्र्याने डोकावून जांभई दिली. बायको म्हणाली, त्याचं खड्ड्यांचं वेड केव्हाच गेलं, आता तुम्हाला लागलंय. हिला जातिवंत प्राण्यांतलं काही कळत नाही.

१० मार्च, सकाळी
स्वतः आत शिरून दाखवणार. बाई डेंटिस्टकडे गेल्यात. मैदान मोकळं.

दुपारी
खांद्यापर्यंत झकास गेलो. अडचण फक्त मागे येण्यात होती. आणि तेवढ्यात रक्त जागं झालं! माझी पँट धरून ओढ, सोडून भुंक, परत धर. अख्खी गल्ली गोळा झाली. आत मला अभिमानाने भरून आलं. शेवटी दोन शेजाऱ्यांनी पाय धरून उपसलं. समोर बाई उभ्या, गाल सुजलेला.

संध्याकाळी
बाई शब्दाच्या पक्क्या निघाल्या. म्हणाल्या, बाग पोखरणारा या गुणी कुत्र्यानेच पकडून दिला, तो इथेच राहील. खणणाऱ्याने सामान बांधावं. बायको म्हणाली, सोन्याजवळ कोणीतरी थांबायला हवं, तुम्ही व्हा पुढे. निघताना त्याला हाक मारली. सोन्या झोपला होता.

११ मार्च
भावाकडे मुक्काम. काही दिवसांचाच प्रश्न आहे, बाईंना चूक कळेलच. वहिनींनी गॅलरीतल्या सगळ्या कुंड्या उचलून आत नेल्यात. ऊन फार लागत असेल.