न मोजलेलं तांबं

मी, मु. चोक्कलिंगम, वय ७४, निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापक, राहणार पाळैयंकोट्टै, हे मृत्युपत्र स्वखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला शेजारचे डॉ. ज्ञानदुरै यांनी दिला. त्यासाठी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले.

१. राहते घर मुलगा कदिरेसन याला. परसातला शेवगा तोडू नये. सुरवंटांचा सूनबाईंना त्रास होतो हे ठाऊक आहे, पण माझी प्रयोगशाळा वर्षानुवर्षे त्याच पाल्यावर चालली.

२. पुस्तके कॉलेजला देऊ नयेत. निवृत्तीनंतर तिसऱ्याच दिवशी ज्यांनी माझे कपाट जिन्याखाली टाकले, त्यांना पुस्तके कशाला? त्यापेक्षा रद्दी बरी.

३. माझी छोटी विजेची भट्टी शेन्बगवल्ली हिला. ती माझी विद्यार्थिनी. शेवग्याच्या काढ्यातून झिंक ऑक्साइडची अतिसूक्ष्म पूड करायची, तिच्यात मोजून जरासे तांबे मिसळायचे आणि काचेवर तिचा थर देऊन सौर घट बनवायचे, हे तिचे संशोधन. पहिल्या वर्षी घटांनी उत्तम वीज दिली. दुसऱ्या वर्षी तोच पाला, तेच प्रमाण, आणि वीज निम्मी. मी सर्वांदेखत म्हणालो, "आकडे घरी बसून लिहिलेस वाटतं?" तिच्या प्रबंधावर मी सही केली नाही. आता ती शाळेत शिकवते.

४. गेल्या पोंगलला आमचा जुना प्रयोगशाळा मदतनीस इसक्किमुत्तु भेटायला आला. ऊस सोलता सोलता म्हणाला, "अय्या, शेन्बगवल्लीच्या पहिल्या वर्षी मोठे बीकर फुटले होते ना, तेव्हा पाला मी माझ्या पितळी पातेल्यात उकळायचो. कलई पार उडालेली त्याची. नवे बीकर आले, मग बंद केलं. तुम्ही ओरडाल म्हणून बोललो नाही." मी त्या वर्षीच्या जुन्या कुपीतली पूड तपासून घेतली. तिने मोजून घातले होते त्याच्या तिप्पट तांबे निघाले; जादाचे पितळेतून काढ्यात उतरलेले, आणि पहिल्या वर्षीची वीज त्याचीच. तिचे आकडे खरे होते. मला फार लाज वाटते. माझ्या मृत्यूनंतर सोबतचे कबुलीपत्र विद्यापीठाला पाठवावे.

कलम ३ व ४ आज रद्द करीत आहे. कारण असे: भट्टीचे सांगायला शेन्बगवल्लीला बोलावले होते. तिने हा कागद उभ्याउभ्याच वाचला.

"म्हणजे माझं नाव धुऊन निघायला मी तुमच्या मरणाची वाट बघू, सर? रोज पेपरात निधनवार्ता चाळत बसू?"

"जिवंतपणी धीर होत नाही, अम्मा."

"मेल्यावर कसला धीर! उठा, शर्ट घाला. पोस्ट बंद होईल."

पत्र रजिस्टर पोस्टाने गेले. भट्टी तिने रिक्षात घातली. मृत्युपत्रातून काही घेणाऱ्याने साक्षीदार होऊ नये म्हणतात, आणि तिला साक्षीदारच व्हायचे होते.

पाळैयंकोट्टै, ११ जून २०२४
(सही) मु. चोक्कलिंगम

साक्षीदार:
डॉ. ज्ञानदुरै (सही)
शेन्बगवल्ली (सही). तिच्या सांगण्यावरून नोंद: "पूर्ण वाचून सही केली, असं लिहा सर. माझा प्रबंध तुम्ही न वाचताच परत केला होता."