हाओ आजोबांच्या घरातले अकरा सेंटिमीटर

फिंग्याओ, बुधवार

आदरणीय दमाओ मामा,

भाचीचा कमरेत वाकून नमस्कार. (कंबर खरोखरच वाकली आहे, कारण पुढे येईलच.) तुमचे गुडघे कसे आहेत? पोस्टमनला चावणारा हंस मामींनी विकला, की अजून तोच घर राखतोय? आणि काम करताना कच्चा लसूण चघळायचं सोडलंत का? नसेलच सोडलं. फोन लावून पाहिला, पण तो नेहमीप्रमाणे तांदळाच्या डब्यात विश्रांती घेत असावा, म्हणून हे पत्र तुमच्या गावावरून जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे.

नववर्षाच्या जेवणात तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "पटाशी कुठून धरतात ते ठाऊक नाही, आणि ही म्हणे जुनी घरं दुरुस्त करणार!" मी तोंडातला घास तसाच गिळला. (त्याआधी तुमच्या त्या शुभ-अशुभ मापांच्या खुणा असलेल्या, सुतारकामाच्या लाकडी पट्टीला मी खो खो हसले होते, हेही कबूल करते. त्याचाच तो वचपा होता.) पण त्याच जेवणात मी मनाशी ठरवलं, की आता काहीही होवो, विद्यापीठाच्या दुरुस्तीच्या वर्गात जागा मिळवायचीच. आम्ही बावीस जण आहोत आणि जागा चार. या अभ्याससहलीत जोडीनं एक जुनं घर मोजायचं, ज्यानं त्यानं आपला नकाशा काढायचा आणि शुक्रवारी तो नगरदेवतेच्या देवळाच्या अंगणात लावायचा. त्यावरून निवड. माझा नकाशा लागला नाही तर आई मला बँकेच्या परीक्षेला बसवणार आहे. फॉर्म तिनं माझ्या सहीसकट भरून ठेवलाय.

माझ्या वाट्याला आलं हाओ आजोबांचं घर, आणि जोडीदार म्हणून आला थाओ रुई. हा मुलगा स्वभावानं चांगला आहे, पण त्याला सावली जिथे असेल तिथलीच भिंत मोजावीशी वाटते. आजोबा ब्याऐंशीचे. दिवसभर अंगणात स्टुलावर बसून शेवया ओरपतात आणि आमच्याकडे मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसारखं बघतात. पहिल्या दिवशी सगळं सुरळीत मोजलं. कागदावर चढवलं, तर घर मिटेचना! पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजू अकरा सेंटिमीटर जास्त. मी म्हटलं, थाओ रुईनं टेप ढिली सोडली. तो म्हणाला, मी ताणली. यावर आमचं इतकं वाजलं की आजोबांनी शेवयांचा वाडगा खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं: अकरा. तिसऱ्या दिवशी टेप बदलून मोजलं. त्या वेळी खिडकीच्या चौकटीपर्यंत हात पोचावा म्हणून मी एका रांजणावर चढले, त्याचं झाकण फुटलं आणि माझा डावा पाय आजोबांच्या चार वर्षं मुरलेल्या व्हिनेगरमध्ये गुडघ्यापर्यंत गेला. (कंबर तेव्हाच गेली.) आजोबा धावत आले, रांजणात डोकावले आणि म्हणाले, "पाय काढायची घाई करू नकोस, आधी मला बघू दे काही सांडलं का." तेव्हापासून खाणावळीत माझ्या टेबलावर कोणी व्हिनेगर मागत नाही, नुसतं माझ्याकडे बघून हसतात. आणि एवढं करून आकडा तोच. अकरा.

थाओ रुई म्हणाला, "अगं, पुढे साडेपाच वाढव, मागे साडेपाच कमी कर. घर काय तक्रार करायला येणार आहे?" इतर गटांनी असंच केलंय, हे मला ठाऊक आहे. पण मामा, माझी जीभ झडली तरी मी हो म्हटलं नसतं. मी कागद घेऊन तडक निवड करणाऱ्या आमच्या थान मॅडमकडे गेले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, नंतर पायाचा वास आला म्हणून खिडकी उघडली, आणि म्हणाल्या, "घर कधी चुकत नाही च्याओयुन, टेप धरणारी चुकते. शुक्रवारी सकाळपर्यंत आकडे जुळव, नाहीतर नकाशा लावू नकोस." मला रडू आलं. रडले, आणि परत येऊन चौथ्यांदा मोजलं.

चौथ्यांदाही अकराच आल्यावर मात्र मी अंगणात उभी राहून, ज्यानं हे घर बांधलं त्या सुताराचा मोठ्यानं उद्धार केला. आंधळा, अर्धवट, गाढवाचा चुलतभाऊ, असं बरंच. तर हाओ आजोबा पहिल्यांदाच हसले. "आंधळा नव्हता गं तो, हट्टी होता," म्हणाले. छत्तीस वर्षांपूर्वी त्यांना मागची बाजू नव्यानं बांधायची होती, शहरातल्या इमारतींसारखी सरळसोट. सुतार पोरगेलासा. तो म्हणाला, घर पुढे अरुंद, मागे रुंदच हवं. पैसा पिशवीत राहतो तसा आत राहतो. मागे अरुंद म्हणजे शवपेटीचा आकार, आणि अगदी सरळसोटाचं जुन्या भिंतीत कधी उलटं होईल याचा नेम नाही. "मागे तीन त्सुन जास्त, म्हणजे बरोबर दहा सेंटिमीटर. कमी नाही, जास्त नाही. पटत नसेल तर दुसरा सुतार बघा." एवढं बोलून तो दोन दिवस उंबऱ्यावर लसूण चघळत बसून राहिला. शेवटी आजोबांनीच हात टेकले. नाव त्यांना आठवत नाही.

म्हणजे घर मुद्दाम वाकडं आहे! मामा, आता तेवढी कृपा करा. मागची बाजू रुंद ठेवण्याची रीत तुमच्या धंद्यात आहे, एवढं चार ओळींत लिहून त्याच ड्रायव्हरबरोबर पाठवा. पुस्तकात नसलेलं मॅडम माझ्या तोंडून ऐकणार नाहीत.

तुमची आज्ञाधारक भाची,
वेन च्याओयुन

ता. क. चार ओळी नकोत. पत्र पाकिटात घातलं आणि आठवलं, की बांधणाऱ्यांची नावं तुळईच्या पोटावर लिहितात, असं तुम्हीच मला लहानपणी सांगितलं होतंत. शिडी लावून चढले, काजळी पुसली. "सुतार शिंग दमाओ, वय तेवीस." मी शिडीवरच बसून राहिले. गाढवाच्या चुलतभावाबद्दल माफी असावी. वाक्य खोडलं असतं, पण दुसरा कागद नाही. आणि लिहिताना ते मनापासून होतं.

ता. क. २. तर शुक्रवारी सकाळच्या बसनं स्वतःच या. माझ्या नकाशाशेजारी उभे राहा. ती लाकडी पट्टी आणा (हसणार नाही), आणि मामींकडून माझ्यासाठी एक धुतलेली पँट.

ता. क. ३. आजोबांना तुम्ही सांगितले होते दहा. भरतात अकरा. मी चार वेळा मोजलंय, आणि हे लिहिण्यापूर्वी पाचव्यांदा. दहा सेंटिमीटर रीतीचे, मामा. वरचा एक तुमचा चुकलाय. नकाशात तो जसाच्या तसा ठेवला आहे. मॅडमना तो कुणाचा ते सांगायचं की नाही, हे तुम्ही पटाशीबद्दल काय म्हणता त्यावर ठरेल.