‘रिपेअर’चा जुना अर्थ

अण्णा,

अक्काला सोबत घेऊन मी सकाळच्या मोटारीनं गुलबर्ग्याला चालले आहे. भाकरी दुरडीत आहेत, ताक शिंक्यावर.

माझ्या नोकरीच्या अर्जावर तिथल्या शाळेच्या मडमबाईंचं पत्र आलं, ते वाचून तुम्ही म्हणालात, "रिपेअर लिहिलंय. शाळेची दुरुस्ती चाललीय, आता मास्तरणी घ्यायले न्हाईत." तुमच्यापुढं इंग्रजीत मी काय बोलणार! पण पत्रात ‘रिपेअर’च्या पुढं ‘हिदर’ असा शब्द होता, तो मनातून जाईना. तुम्ही अफजलपूरच्या दौऱ्यावर गेल्यावर तुमची डिक्शनरी न विचारता काढली. ‘हिदर’ म्हणजे इकडे. आणि ‘रिपेअर’खाली, अगदी शेवटी, बारीक अक्षरात जुना अर्थ होता: एखाद्या ठिकाणी जाणं. त्यांनी मला सोमवारी बोलावलंय, अण्णा. आज सोमवार.

अक्का म्हणाली, "अण्णा येईपर्यंत थांब की. कामून घाई करायलीस?"

मी म्हटलं, "सोमवार थांबंल का?" मग तीच लुगडं बदलून आली.

चूक तुमची न्हाई. तुमच्या कचेरीच्या कागदांत असलं जुनं इंग्रजी कुठून येणार? मडमबाईंनी विचारलं, "इंग्रजी कुणी शिकवलं?" तर मान वर करून तुमचंच नाव सांगणार आहे.

तुमची,
वेणू