तिसऱ्या बाकावरचा डावा हात

प्रिय दादा,

टीव्हीवर तुझी मुलाखत पाहिली. कोट छान दिसत होता. वहिनीनेच निवडलेला असणार, तुला कपड्यांतलं कधी काही कळलं नाही. देशाच्या शिक्षण समितीचे अध्यक्षसाहेब सांगत होते, की आपल्या कुठल्याही शाळेत जा, कुठल्याही वर्गात प्रश्न विचारा, प्रत्येक मुलाचा हात वर जातो. मुलाखत घेणारी बाई भारावून मान डोलवत होती. मी भाजी निवडत होते, ती तशीच टाकून उठले आणि टीव्ही बंद केला. फोनच करणार होते, पण फोनवर तू बोलतोस आणि मी हूं हूं करत बसते, म्हणून हे पत्र.

आधी चांगलं ते बोलून घेते, म्हणजे धाकटी हल्ली फार कडवट झालीय असं वहिनीला सांगून तुला सुटता येणार नाही. या सरकारी शाळांनीच मला माणसांत आणलं. बाबांनी मला शाळेतून काढून लाँड्रीत कपड्यांच्या घड्या घालायला बसवलं, तेव्हा हजेरी तपासणारे ते टकले साहेब रोज सायकल घेऊन दुकानाच्या दारात उभे राहायचे. भांडायचे नाहीत, नुसते उभे राहायचे. गिऱ्हाइकांना आत शिरायला वाट उरायची नाही. शेवटी बाबाच कंटाळले आणि मी परत वर्गात बसले. पुस्तकं फुकट मिळाली. राष्ट्रीय परीक्षेत पेपरावरचं नाव झाकलेलं असतं, म्हणून इस्त्रीवाल्याचा मुलगा न्यायाधीशाच्या मुलाच्या पुढे गेला. तो मुलगा तू. ज्यांनी हे सगळं उभं केलं त्यांच्याबद्दल माझ्या तोंडून वावगा शब्द निघणार नाही. पण तू त्यात काय भर घातलीस, ते आपण दोघंच जाणतो.

तुझी पहिली नोकरी, आपलीच शाळा, आणि नेमका माझाच वर्ग. तपासणी तोंडावर आली होती आणि अर्ध्या वर्गाला अपूर्णांकांचा गंध नव्हता. शिकवायला वेळ नाही म्हणून तू युक्ती काढलीस. तपासनीसांनी काहीही विचारलं तरी सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. तू फक्त उजव्यांना उभं करायचास. तपासनीस खूश, मुख्याध्यापक त्याहून खूश, आणि मग रोजच्या तासालाही तीच पद्धत पडली. तू भराभर वर चढलास आणि तुझी युक्ती बदलून जाणाऱ्या शिक्षकांबरोबर शाळाशाळांत पोहोचली. मी आता शिकवते त्या शाळेतही नवी शिक्षिका आली की पहिल्याच दिवशी तिला दोन गोष्टी सांगतात, स्वच्छतागृह कुठे आहे आणि उजवा-डावा कसा करायचा. मी तपासणीच्या दिवशी दरवेळी आजारी पडते, हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय.

माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर एक मुलगी आहे. सारखी पेन्सिल कुरतडते म्हणून पोरं तिला खारूताई म्हणतात. मागच्या वर्षी अर्ध्यातून आली, दुसऱ्या गावाहून. ती डावखुरी आहे. तुझी ती युक्ती तिला कुणी सांगितलीच नाही, कारण प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने सांगितली असेल. प्रश्न आला की तिला उत्तर यायचं, आणि ती आपला हात वर करायची. जो तिचा हात आहे तो. शिक्षक तो बघून नजर पुढे सरकवायचे. असं काही महिने चाललं. मग तिचा हात वर यायचा बंद झाला, मग बोलणं बंद झालं, आणि शेवटी ती पेपरही कोरा ठेवू लागली. माझ्याकडे आली ती कच्ची असा शेरा घेऊनच. एकदा जेवणाच्या सुटीत ती शेजारच्या मुलीला भागाकार समजावत होती, बाकावर ओल्या बोटाने आकडे काढत, डाव्या हाताच्या बोटाने. मी डबा उघडा टाकून ऐकत राहिले. मला भयंकर राग आला.

मी तशीच मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. वर्षअखेरीस मुलांची वाटणी होते, पुढे गणित-विज्ञान कुणाला मिळणार आणि कुणाला नाही. ती वाटणी आधीच्या शेऱ्यांवरून होते. बाईंचं म्हणणं, शेरे केव्हाच पुढे गेलेत, आता वरून कुणी सांगितलं तरच काही होईल. नियम तुझ्याच समितीचा आहे. आणि वरून म्हणजे तूच की रे.

तर आता तू येतोयस. पुढच्या आठवड्यात, कॅमेरे घेऊन, माझ्याच वर्गात. सख्खी बहीण शिकवते तो वर्ग, म्हणजे बातमीही गोड होईल. तुझ्या सचिवाने फोनवर निरोप दिला, की साहेबांनी तयारी नेहमीसारखीच ठेवायला सांगितलंय. नेहमीसारखीच! लाज कशी वाटली नाही रे तुला? मुख्याध्यापिकाबाई तालीम घे, तालीम घे म्हणून माझ्या मागे लागल्यात. मी घेतेय, पण उलटी. येत नसेल त्याने हात खाली ठेवायचा, आणि त्याबद्दल कुणी ओरडणार नाही. एवढं साधं पटवता पटवता माझी दमछाक झाली, कारण पोरांचे हात आपोआप वर जातात आणि मग तीच घाबरून माझ्याकडे बघतात. बाईंना याचा सुगावा लागलाय. माझी नोकरी जाईल, नाहीतर बदली होईल. त्याची तयारी ठेवलीय.

आता खरं ते लिहिते. त्या वर्षी तुझ्या वर्गात मीही होते, आणि वर्षभर माझा डावा हात वर होता. तो तुला दिसत होता, दादा. घरी आपण एकाच दिव्याखाली बसायचो. तू तुझ्या पुढच्या परीक्षेचा अभ्यास करायचास आणि मी तुझ्या शर्टांची तुटलेली बटणं लावायचे. मला अपूर्णांक येत नाहीत हे जगात फक्त तुला माहीत होतं. आज विचारेल, उद्या विचारेल, म्हणून मी बटणं लावत वाट बघायचे. तू कधीच विचारलं नाहीस, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात माझ्यावरून नजर पुढे सरकवायचास. मी पुढे शिकले, माझी मी, रडतखडत. त्याची भरपाई मी मागत नाही, तुला ती जमायचीही नाही. पण तू येऊन प्रश्न विचारशील तेव्हा बरेचसे हात खाली असतील, आणि हे तुला आधी ठाऊक नव्हतं असं तुला म्हणता येऊ नये, म्हणून हे लिहिलं. तिसऱ्या बाकावर एक डावा हात कदाचित वर येईल. या वेळी येणारे साहेब नक्की विचारतील, असा शब्द मी तिला देऊन बसलेय. कॅमेऱ्यांसमोर विचार, बाईंच्या देखत विचार, पण तिला विचार.

इलाज नाही म्हणून तुझीच,
धाकटी