बँडसॉ तेजलला, वेल्डिंग मशीन भाऊजींना

मी, उज्वला कारभारी गांगुर्डे, वय ५३, राहणार सिडको, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, पित्ताशय नाही. येत्या सोमवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, काळजीचे काही नाही. जुना बँडसॉ विकणाराही हेच म्हणाला होता, म्हणून लिहून ठेवते.

१. राहते घर व बँकेतील ठेव माझी एकुलती मुलगी तेजल हिला. यावर कोणाचे काही म्हणणे नाही.

२. अंबडचे फॅब्रिकेशन शॉप माझ्या नावावर आहे. ते आणि लोखंड कापायचा बँडसॉ हेही तेजललाच. यावर माझे दीर नवनाथ यांचे म्हणणे आहे. यजमान गेल्यापासून शॉप मी चालवते, भाऊजी वेल्डिंग करतात. "पोरगी उद्या सासरी जाईल, शॉप गांगुर्ड्यांकडंच राह्यलं पाहिजे," असे ते चारचौघांत बोलले. सबब कारण नोंदवते.

सेकंडहँड बँडसॉ आणला तेव्हापासून तिरका कापायचा. कापलेल्या पाइपचे तोंड काटकोन तपासायच्या गुण्याला बसेना. भाऊजी म्हणाले, "वहिनी, ब्लेडच डुप्लिकेट हे." ब्लेड बदलले. मग बेअरिंग बदलले. मग वास्तुवाल्याच्या सल्ल्याने मशीनचे तोंड पूर्वेला केले. ते पूर्वेला तोंड करून तिरके कापू लागले. शेवटी तेजलने गुण्या मशीनलाच लावला. पाइप धरणारा जबडा सरकला होता. तिने तो सरळ करून बोल्ट आवळला, कट सरळ आला. दसरा झाला, पुन्हा तिरका.

पुढच्या खंडेनवमीला ती पूजेला मुद्दाम थांबली. भाऊजींनी हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली आणि नारळ त्या जबड्यावरच आपटला. नारळ चिवट निघाला.

"काका, उंबऱ्यावर फोडा की!"

"पूजा मशीनची अन् नारळ उंबऱ्याला? मशीन काय उपाशी ठेवू?"

"खातंय हो ते, पण मग वाकडं चावतंय."

भाऊजी रुसून गावी, नामपूरला गेले. तेजलने दुसऱ्या दिवशी जबडा सरळ केला. सासरी गेली तर मशीन सोबत नेईल. नाशकात टेम्पो मिळतात.

३. बँडसॉ विकणाऱ्याला मी जे जे बोलले ते मागे घेते. मशीन उतरवल्या दिवशीचा नारळही भाऊजींनीच फोडला होता.

४. वेल्डिंग मशीन भाऊजींना. त्यांच्यासारखा टाका घालणारा मी अख्ख्या अंबडमध्ये पाहिला नाही. हे तोंडावर कधी सांगितले नाही, लेखी देते. शॉपमध्ये राहायचे तर तेजलच्या हाताखाली. जमत नसेल तर मशीन उचलून खुशाल जावे.

मागाहून कोणी 'मला ठाऊकच नव्हतं' म्हणू नये म्हणून एक साक्षीदार भाऊजींनाच केले आहे. सगळे वाचून दाखवले, मग दोघांच्या देखत सही केली.

उज्वला कारभारी गांगुर्डे
नाशिक, १४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार
१. मनीषा योगेश सोनवणे, शेजारीण
२. नवनाथ धोंडीराम गांगुर्डे, दीर. ऐकलं. शॉप तेजलचं, हरकत नाही. पूजा मात्र मीच करणार.