वन्सं, गाडी विकायची राहिली

प्रिय वन्सं,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी जेवढी अंगं वाकली तेवढा नमस्कार पोचला असं समजावं.) तुमचा गुडघा आता कसा आहे? वरच्या मजल्यावरची बाई अजून पहाटे उठून कपाटं सरकवते, की तिला एकदाची मनासारखी जागा सापडली? इकडे सगळं क्षेम आहे. मी ठणठणीत, कोंबड्या ठणठणीत, विहिरीला पाणी आहे, बटाटे निघाले, छप्पर गळत नाही. करमत नाही वगैरे काही नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण मागच्या पत्रात तुम्ही तेवढाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारलात आणि खाली लाल रेघ ओढलीत. तुम्ही मुख्याध्यापिका होतात हे या घरात कोणी विसरलेलं नाही, रेघेची गरज नव्हती.

तुमची आज्ञा अशी होती, की ती जुनी पिकअप विकून टाकायची, घराला कुलूप लावायचं आणि तुमच्याकडे राहायला यायचं. दोन खोल्या आहेत, दोघींना पुरतील. गिऱ्हाईकही तुम्हीच पाठवलंत. तरी गाडी विकली गेली नाही. ती का, ते सांगायला बसले आहे, आणि मला थोडक्यात सांगता येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. चहा करून घ्या आणि मग वाचा.

हे गेल्यापासून गाडी शेडमध्येच उभी होती. तुम्ही तिच्यात एकदाच बसलात आणि उतरल्यावर "यापेक्षा चालत आले असते" म्हणालात. त्यावर ह्यांनी माझ्याशी अबोला धरला होता (तुमच्याशी धरायची छाती नव्हती). तीच गाडी. डावं दार आतून उघडत नाही, काच वर चढत नाही, आणि थंडीत चालू केली की असा काळा धूर सोडते की शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर सुतक पडावं. तांबड्या कोंबडीनं ड्रायव्हरच्या सीटवर घरटं केलं होतं. मी तिला हुसकलं नाही. निदान कोणीतरी त्या जागेवर बसतंय, एवढंच.

आता तुम्हाला सांगायला हरकत नाही, दुपारची कामं उरकली की मीही गाडीत जाऊन बसत असे. डावीकडे, माझ्या जागेवर. काही करत नसे. आत डिझेलचा आणि ह्यांच्या जुन्या स्वेटरचा वास मुरलेला होता, आणि घरात भांडं वाजलं तरी आपणच वाजवलेलं असतं, तसं तिथे वाटत नसे. तर एकदा अशी बसले असताना शेजारचे भाऊजी कुंपणाजवळून चालले होते. थांबले, वाकून बघितलं आणि विचारलं, "कुठे निघालात, वहिनी?" आता काय सांगणार? उभ्या गाडीत, कोंबडीशेजारी, उगाच बसलेय असं सांगायचं? मी म्हटलं, "बाजारात." त्यांनी ड्रायव्हरच्या जागेकडे बघितलं. कोंबडीनंही त्यांच्याकडे बघितलं.

"आणि चालवणार कोण?"

"मी," माझ्या तोंडून निघून गेलं.

भले गृहस्थ, हसले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "मग येताना मला खिळे आणा." झालं! थापेनं थाप मारणाऱ्याचा गळा धरला. खिळे आणायचे तर बाजारात जायला हवं, जायचं तर गाडी चालवता यायला हवी, आणि चालवायची तर आधी ती चालू व्हायला हवी.

म्हणून मिस्त्रीला बोलावलं. आमच्या मिस्त्रीला सगळे 'बघू' म्हणतात, कारण त्याला काहीही विचारा, तो तेवढंच बोलतो. होईल का? बघू. आज होईल का? बघू. चहा घेणार का? बघू. (आणि घेतो.) त्यानं बॉनेट उघडलं तेव्हा उंदरांनी इंजिनावर आख्खा संसार मांडलेला होता, त्यात माझा हरवलेला पायमोजाही निघाला. बॅटरी मेली होती. इंजिनातलं ऑइल डांबरासारखं झालेलं. बघूनं नवी बॅटरी बसवली, ऑइल बदललं, डिझेलचा फिल्टर बदलला, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी जोडल्या, आणि किल्ली माझ्या हातात दिली. डिझेलच्या जुन्या गाडीला थंडीत हाक मारल्याबरोबर ओ देता येत नाही. किल्ली अर्धी फिरवून थांबायचं, इंजिन आतून गरम होतं, समोरचा लाल दिवा विझतो, मगच पूर्ण फिरवायची. तो दिवा विझेपर्यंत हे गुणगुणत असत. चाल नाही, शब्द नाही, नुसतं हूं हूं. मी गुणगुणू लागले तर तांबडी उठून निघून गेली.

चालवायला भाऊजींनी शिकवलं, मोकळ्या रानात. माणूस शांत, पण शिकवायची तऱ्हा अशी की संकट येऊन गेल्यावर सूचना द्यायची. बांधावर चाक चढलं की म्हणायचे, "इथे ब्रेक लावायचा होता." गाडी मागे घेताना कोंबड्यांचं खुराडं गेलं, तेव्हाही असंच सावकाश म्हणाले, "मागे खुराडं होतं." कोंबड्यांनी निषेध म्हणून अंडी द्यायचं बंद केलं. पण मी शिकले, वन्सं! क्लच सोडताना गाडी आधी घोड्यासारखी उड्या मारायची, आता म्हशीसारखी मुकाट चालते. भाऊजींचे खिळे आणले. मग त्यांना पुन्हा खिळे लागले. इतक्या खिळ्यांचं त्यांनी काय केलं मला ठाऊक नाही, विचारलंही नाही.

आणि मग तुमचा माणूस आला. तुमचा जुना विद्यार्थी, पशुखाद्याचा व्यापारी. टक्कल पडलंय, पोट सुटलंय, पण तुमचं नाव निघालं की अजून पाठ सरळ करून बसतो. मी त्याला प्रामाणिकपणे गाडीचे सगळे दोष सांगितले. दार उघडत नाही म्हटलं, तर म्हणाला, चालेल. धूर सोडते म्हटलं, तर म्हणाला, सोडू दे. मुलगी दाखवायला बसावं आणि आईनंच तिची गाऱ्हाणी सांगावीत, असा प्रकार चालला होता. शेवटी म्हणाला, एक चक्कर मारून बघू. मी म्हटलं, चालवणार मी. एवढा हट्ट का धरला, माहीत नाही. शेवटची चक्कर आहे असं मनात आलं असावं.

कालव्यापलीकडचा चढ चढता चढता गाडीनं आचके दिले आणि उभी राहिली. डिझेल संपलं होतं. काटा मात्र अर्ध्यावर! तो काटा कायमच अर्ध्यावर असतो, हे मला ठाऊक होतं. पण टाकीकडे लक्ष ठेवणं हे कधी माझं काम नव्हतं, ते आपोआप होत असे. (आपोआप म्हणजे हे करत असत. घरातल्या किती गोष्टी 'आपोआप' होत होत्या ते आत्ता कळतंय.) चाकांना दगड लावले. मागे डिझेलचा डबा होता, तो टाकीत ओतला. तरी चालू होईना. डिझेलच्या गाडीचं हेच दुखणं. एकदा पार कोरडी पडली की नळीत हवा शिरते, मिस्त्री लोक म्हणतात एअर घेतली, आणि ती हवा बाहेर काढल्याशिवाय कितीही किल्ली फिरवा, उपयोग शून्य. व्यापाऱ्यानं फोन काढून चारी दिशांना फिरवला, रेंज नव्हती. मी सीटखालचा पाना काढला.

"तुम्हाला येतं हे?" त्यानं विचारलं.

"अर्धं येतं."

खरंच होतं ते. इतकी वर्षं गाडीनं एअर घेतली की आम्ही दोघं मिळून काढत होतो. फिल्टरवर अंगठ्यानं दाबायचा छोटा पंप असतो, तो मी दाबायची. बाजूचा नट सैल करून, फेसाळलेल्या डिझेलातले बुडबुडे कधी संपतात ते बघून नेमका आवळायचा, ते ह्यांचं. मला फक्त पंप येत होता. मग मी व्यापाऱ्याला पंपाशी उभं केलं आणि स्वतः ह्यांच्या जागी गेले, बॉनेटखाली डोकं घालून. त्यानं दाबलं. नुसता फेस. पुन्हा दाबलं, पुन्हा फेस. मग बुडबुडे विरळ झाले, आणि माझ्या तोंडून निघालं, "दाब. दाब. हां, आता धर. धरून ठेव, सोडू नकोस गाढवा!"

वन्सं, तो आवाज माझा नव्हता. शब्दही माझे नव्हते, वरची पट्टीही माझी नव्हती. हे असेच ओरडायचे, आणि मी दर वेळी चिडायची. एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याला मी गाढव म्हटलं आणि तो 'हो बाई' म्हणाला. (तुमची शिकवण!) मी नट आवळला. आत बसले, किल्ली फिरवली, दिवा विझू दिला. गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. असा धूर निघाला म्हणता! मला इतका आनंद झाला की मी हसत हसत सांगायला वळले, बघितलंत का, झालं माझ्याच्यानं! आणि सवयीनं उजवीकडे वळले. उजवीकडे नुसती खिडकी होती. खिडकीबाहेर कालवा.

व्यापारी डावीकडे कोपरापर्यंत डिझेलनं माखून बसला होता. काय समजायचं ते समजला असावा, कारण पुसायला रुमालही मागितला नाही. घरी पोचल्यावर म्हणाला, मी घेतो गाडी, पक्कं. रस्त्यात हातानं दुरुस्त करता येतील अशा गाड्या आता मिळत नाहीत.

"नाही द्यायची," मी म्हटलं.

"का हो? आत्ता तर विकायची होती."

"होती खरी. आता नाही."

जाताना एवढंच म्हणाला, "बाईंना तुम्हीच कळवा. मला नाही जमायचं." म्हणून हे पत्र.

तर मी तिकडे येत नाही. राग मानू नका. तुमच्या दोन खोल्या उत्तम आहेत, पण तिथे मला काही बिघडवता येणार नाही आणि काही दुरुस्तही करता येणार नाही; मी खिडकीशी बसून वरच्या बाईची कपाटं मोजत राहीन. इथे दिवस कामात निघून जातो. संध्याकाळ जरा लांबते, एवढंच. कालव्यावरचं हे सगळं सांगायला त्या संध्याकाळी कोणी नव्हतं, मग दुरुस्त केलेल्या खुराड्यापाशी उभं राहून कोंबड्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण 'मग काय झालं' असं कोणी विचारलं नाही. तुम्ही विचारलं असतंत.

प्रकृतीला जपा. पाय वर घेऊन बसत जा.

तुमची,
भावजय

ता. क. : एक लिहायचं राहिलं. माझ्याकडे पक्कं लायसन्स नाही, शिकाऊ आहे. (घाबरू नका, त्या दिवशी तुमचा विद्यार्थी शेजारी होता आणि त्याच्याकडे पक्कं आहे.) शिकाऊ माणसाच्या शेजारी पक्कं लायसन्सवालं कोणीतरी बसावं लागतं, असा कायदा आहे. आजवर भाऊजी बसत. ते आता मुलीकडे कायमचे राहायला चालले आहेत. बघूला विचारलं, तर कळलं की त्याच्याकडे कसलंच लायसन्स नाही, काढणार का विचारलं तर काय म्हणाला ते तुम्ही ओळखलं असेलच. तुमच्याकडे आहे. मोटार विकलीत तरी लायसन्सची मुदत वाढवून घेतलीत, हे तुम्हीच लिहिलं होतं. तेव्हा मी परीक्षा पास होईपर्यंत तुम्हाला इथे येऊन राहावं लागेल. माझी इच्छा वगैरे यात काही नाही, कायद्याचं काम आहे.

आणखी ता. क. : परीक्षा घेणारे साहेब फार कडक आहेत म्हणे. मी नीट चौकशी करून आले. माणसानं किती वेळा नापास व्हावं, याला मर्यादा नाही.