‘माय’ नावाचे दोन ड्राइव्ह

अण्णा, काल माझ्या लॅपटॉपची हार्डडिस्क बदलली. जुनीवरचं सगळं नव्या, मोठ्या डिस्कवर उतरवायचं आणि मग पार्टिशन वाढवून घ्यायचं, एवढंच काम. कॉलेजात पोरांना हेच शिकवते मी, डोळे झाकून जमतं. पण कुठून कुठे कॉपी करायचं ते निवडलं, की खात्री आहे का म्हणून विचारतं ना, तिथे माझा हात थांबतो. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली तरी थांबतो. काल तर मी उठून चहाच करून आले.

पंचवटीतल्या आपल्या दोन खोल्यांत कॉम्प्युटर आला तेव्हा तुम्ही मला डिस्कचे दोन भाग करायला लावलेत. “सी कॉम्प्युटरचा, डी आपला. त्याच्या घरात आपलं सामान नको.” आणि डीला नाव दिलंत ‘माय’. दर दुसऱ्या रविवारी एसटीने सटाण्याकडे गावी जायचात, आजीसमोर रेकॉर्डर ठेवून तिचे अहिराणी शब्द गोळा करायचात आणि सोमवारी कचेरीतून आल्या आल्या, शर्टही न बदलता, ते डीमध्ये भरत बसायचात. आई ओरडते आहे, “अहो, आधी जेवा तरी!” मग आजी गेली. तिचा आवाज तेवढा त्या ‘माय’मध्ये राहिला.

डिस्क भरत आली म्हणून नवी आणली. तुम्ही शेजारी खुर्ची ओढून बसलात. “आधी नाव घाल. बिननावाच्या घरात मायला कसं न्यायचं?” मला हसूच आलं. नव्या डिस्कवर जुन्याएवढाच भाग केला, नंतर वाढवू म्हणून, आणि त्यालाही नाव दिलं ‘माय’. पडद्यावर आता दोन माय, एकाच मापाच्या. तुम्ही भाजी आणायला गेलात आणि मी दीडशहाणीने उलटंच केलं, रिकामी माय भरलेल्या मायवर जशीच्या तशी कॉपी करायला लावली, म्हणजे भरलेलीच पुसायला. लक्षात आलं तेव्हा सरळ वायरच उपटली. तोवर बरंच पुसलं गेलं होतं.

तुम्ही पिशवी घेऊन दारात उभे, आणि मी म्हणाले, “डिस्क गेली अण्णा. जुनी होती, आपोआप गेली.” दुकानात दाखवू म्हणालात, तर काही उपयोग नाही म्हणून अडवलं. दुकानदाराने बघताक्षणी ओळखलं असतं ना! तुम्ही वही घेतलीत आणि आठवतील तसे शब्द लिहायला बसलात. अडलं की स्वयंपाकघरात येऊन आईला विचारायचात. ती नाशिकची, तिला काय ठाऊक. एकदाच, फक्त एकदाच मला म्हणालात, “तुझ्या हातून काही दाबलं तर गेलं नाही ना?” केवढी भडकले मी! दोन दिवस अबोला धरला. शेवटी तुम्हीच येऊन म्हणालात, “चुकलं माझं, बाळा.”

ती डिस्क मी कधी टाकली नाही. काल नवी सुरळीत चालू झाल्यावर तीही जोडली आणि पुसलेल्या फायली शोधायला लावल्या. दुपार गेली त्यात. नावं नाहीत, नुसते आकडे. बहुतेक उघडतच नाहीत. एक उघडली. भांड्यांचा आवाज, कुठेतरी कोंबडी, आणि मग तुम्ही, केवढ्या तरुण आवाजात: “माय, याले काय म्हंतस?” पुढे काही नाही. आजी बोलणार, एवढ्यात संपतं. कशाकडे बोट दाखवत होतात हो? कालपासून गॅस पेटवताना, कपडे वाळत घालताना मला तेच ऐकू येतंय, आणि वेड्यासारखी मी उत्तराची वाट बघत उभी राहते. ते कधीच येणार नाही याची खूप भीती वाटते, अण्णा.

हे तुम्हाला पाठवणार कुठे म्हणा. पाठवता आलं असतं तर पुढचं लिहिलं नसतं. तुम्ही गेलात तेव्हा सगळे म्हणाले, पोरगी फार रडली. रडले खरी. पण डॉक्टरांनी मान हलवली, त्या क्षणी, रडू यायच्या आधी, माझ्या मनात आलं होतं: सुटले, आता अण्णा ते पुन्हा विचारणार नाहीत.